दोन मनगटे

आंबा आणि फणस यांतले तुम्हांस काय आवडते, असे कोणी विचारले तर उत्तर देणाऱ्यास फारसा विचार करावा लागत नाही. त्या उत्तरात निवड नसते. जुन्या सवयीची केवळ नोंद असते. पण एकाच बागेतले, एकाच पेटीतले दोन हापूस समोर ठेवून ‘यांतला सरस कोणता?’ असे विचारले, की मनुष्य आधी आंब्यांकडे आणि मग स्वतःकडे पाहू लागतो. परस्परांहून अगदी भिन्न अशा वस्तूंतून एक उचलण्यास नुसती रुची पुरते; सख्ख्या भावंडांतून एकाला उचलावयाचे झाले, म्हणजे ती रुची कशाच्या आधारावर उभी आहे, हे उकरून पाहणे भाग पडते. पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकाच्या उत्तरपत्रिका पुनः पुनः चाळणाऱ्या परीक्षकाला, किंवा एकाच कवीच्या दोन कवितांतून क्रमिक पुस्तकासाठी एक निवडणाऱ्या समितीला ही अडचण चांगली परिचयाची असते. मला ती अलीकडे दोन सुगंधांच्या बाबतीत आली.

माझा एक भाचा पॅरिसला असतो. गेल्या माघात तो घरी आला, तेव्हा करंगळीएवढ्या दोन काचेच्या नळ्या माझ्या हाती ठेवून म्हणाला, “मामा, दोन्ही चार दिवस लावून पाहा आणि कोणता आवडतो ते कळवा. पुढच्या खेपेस मोठी बाटली आणतो.” दोन्ही आणीन असे मात्र तो म्हणाला नाही. तोही आता संसारी झाला आहे.

नळ्यांवरची नावे वाचली. एक होता गेर्लँ या १८२८ साली पॅरिसमध्ये स्थापन झालेल्या पेढीचा ‘वेतिव्हेर’. दुसरा, लालीक या काचकामासाठी विख्यात असलेल्या घराण्याचा ‘आंक्र न्वार’. सुगंधांच्या वंशावळी लिहिणाऱ्या मंडळींनी दोघांनाही एकाच कुळात बसविले आहे: काष्ठगंधी, वनौषधींची छटा असलेले, पुरुषांसाठी. हे वर्णन वाचून मला थोडी गंमत वाटली. कारण दोघांचाही प्राण आहे वाळा. आणि वाळा हे काष्ठ नव्हे, गवताचे मूळ आहे. जे गवत आपल्याकडे ओढ्याकाठी वाढते, त्याला सुगंधी लोकांनी चंदन-देवदारांच्या पंक्तीस नेऊन बसविले, याचा एका परीने अभिमानच वाटावयास हवा. ‘पुरुषांसाठी’ म्हणावे तर कालिदासाच्या ‘शाकुंतला’त तिसऱ्या अंकाच्या आरंभी प्रियंवदा उशिराचा लेप घेऊन निघते, तो तापाने व्याकूळ झालेल्या शकुंतलेसाठी. उशीर म्हणजे आपला वाळाच. आणि आपल्या लग्नकार्यांत अत्तराचा फाया देणाऱ्याने, हे अत्तर पुरुषांचे की बायकांचे, असा विचार केल्याचे कोणाच्याही पाहण्यात नसेल.

या मुळाचा प्रवास मोठा नवलाचा आहे. फ्रेंच लोकांना ते मिळाले तेव्हा त्याबरोबर त्याचे तमिळ नावही मिळाले. ‘वेट्टिवेर’ या शब्दातला ‘वेर’ म्हणजे मूळ. हिंदी महासागरातल्या रेयुनियाँ बेटावर, ज्याला पूर्वी बूर्बों म्हणत, त्याची लागवड झाली. पुढे ते जावामध्ये आणि कॅरिबियन समुद्रातल्या हैती देशात पिकू लागले. आज उंची सुगंधांत जाणाऱ्या वाळ्याच्या तेलाचा फार मोठा वाटा हैतीच्या दक्षिण भागातून येतो. आपल्याकडे कनोजला तांब्याच्या डेगेतून आणि भपक्यातून ‘रूह खस’ निघतो. तांब्याच्या सहवासाने त्याला हिरवट झाक चढते. पण माझ्या हातातल्या नळ्यांतला वाळा तो नव्हे. सासरी नांदून, परदेशी वेश अंगावर घालून, फ्रेंच उच्चाराने स्वतःचे तमिळ नाव सांगत माहेरी आलेली ही मुलगी आहे. तिला दारात ओळखणे एकाएकी जमत नाही.

या गवताचा आणखी एक विशेष आहे. त्याची मुळे आडवी पसरत नाहीत. सरळ खाली, तीन-चार मीटरपर्यंत जातात. त्यामुळे बांधावर लावलेला वाळा माती घट्ट धरून ठेवतो. १९८०च्या दशकात जागतिक बँकेच्या कृषितज्ज्ञांनी भारतात काम करीत असताना जमिनीची धूप थांबविण्यासाठी याच गवताच्या कुंपणांचा पुरस्कार केला. कर्नाटकातले काही शेतकरी त्याच्या कितीतरी आधीपासून शेताच्या सीमेवर ते लावीत आले होते. परंतु सुगंध हवा असेल तर मूळ उपटावे लागते आणि उपटले की माती मोकळी होते. हैतीच्या उघड्या उतारांवर ही अडचण मोठी आहे. धरून ठेवणे आणि दरवळणे ही दोन्ही कामे एकाच मुळाची. पण दोन्ही एकदम करणे त्याला साधत नाही.

असो. मी प्राध्यापकी वळणाचा मनुष्य असल्याने परीक्षेची रीतसर व्यवस्था केली. उजव्या मनगटावर पहिला सुगंध, डाव्या मनगटावर दुसरा. वेळ सकाळी सातची. आणि दर दोन तासांनी वहीत नोंद.

पहिला सुगंध हा १९५९ सालचा. तो घडविणारा झाँ-पॉल गेर्लँ त्या वेळी पुरती पंचविशीही गाठलेला नव्हता. मातीचा आणि तंबाखूचा वास येणाऱ्या एका माळ्यावरून त्याला हा सुगंध सुचला, असे सांगितले जाते. गोष्ट खरी असो वा रचलेली, नाकाला ती पटते. मनगटावर पडताच प्रथम लिंबाची साल नखाने खरवडल्यासारखा ताजा, किंचित आंबट झुळका येतो. त्यामागून जायफळ आणि मिरी येतात. मग कोरड्या तंबाखूच्या पानाचा गोडसर वास. आणि या सर्वांच्या तळाशी, पण अगदी आरंभापासून, वाळा. सगळे कसे स्वच्छ, हिरवे आणि इस्त्री केलेले. सकाळी स्नान करून, धोतराच्या निऱ्या नीट घेऊन फिरावयास निघालेल्या गृहस्थासारखा हा सुगंध आहे. त्याला आपली मर्यादा माहीत आहे. कोठे थांबावे हेही माहीत आहे.

दुसरा २००६ सालचा. नाताली लोर्सों या बाईंनी घडविलेला. ‘आंक्र न्वार’ म्हणजे काळी शाई. बाटलीचे चित्र भाच्याने दाखविले, तेव्हा टेबलावरची जुनी चौकोनी दौतच डोळ्यांपुढे उभी राहिली. ज्याचे सारे आयुष्य शाईत बोटे बुडवून गेले, अशा मनुष्याला फितविण्यास नाव आणि बाटली एवढीही सामग्री पुरेशी होती. पण सुगंध मात्र फितविण्याच्या खटपटीत मुळीच पडत नाही. त्यात लिंबू नाही, जायफळ नाही. आरंभी सायप्रसचा, म्हणजे सरूचा काळसर वास येतो. युरोपातल्या दफनभूमींत हीच झाडे ओळीने उभी असतात. त्याच्यालगत वाळा, आणि तोही पावसात भिजलेला, मातीसकट उपटलेला, थोडा धुरकट. रात्रीच्या पावसानंतर सकाळी प्रथमच उघडलेल्या ग्रंथालयात पाऊल टाकावे, तसे वाटते. पहिला सुगंध दारात येऊन ‘या, या’ म्हणतो. दुसरा आत बसल्याजागीच नुसती मान वर करतो.

माझ्या वहीतल्या नोंदी पहिल्या दोन तासांत उजव्या मनगटाच्या बाजूने होत्या. त्यानंतर मात्र दोन्ही मनगटे हळूहळू एकमेकांकडे सरकू लागली. त्याचे कारण साधे आहे. लिंबू-संत्र्यांच्या तेलांतले अणुसमूह हलके असतात, ते आधी उडून जातात. वाळ्यातले जड असतात. ते तासन्‌तास त्वचेला धरून बसतात. म्हणूनच सुगंध बनविणारे इतर चंचल वासांना बांधून ठेवण्यासाठीही वाळ्याचा उपयोग करतात. या तेलात नाना प्रकारचे घटक आहेत. त्यांतला नेमका कोणता त्याला त्याचा वास देतो, याविषयी रसायनशास्त्रात दीर्घकाळ तर्क चालले होते. २०२१ साली बेन्यामिन लिस्ट, फिलिप क्राफ्ट आणि त्यांचे सहकारी यांनी तो घटक प्रयोगशाळेत घडवून दाखविला. तेलात तो अगदी अल्प प्रमाणात असतो; जे घटक विपुल आहेत, त्यांच्याकडे त्या वासाचे श्रेय जात नाही. त्याच वर्षी दुसऱ्या एका कामासाठी लिस्ट यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मोठ्या कुटुंबात घरपण कोणामुळे आहे, हे शोधावयास गेले तर बहुधा असाच निकाल हाती येईल.

माझे स्वतःचे मत विचाराल तर मी पहिल्याचा. ज्या गद्यावर माझी पिढी वाढली, त्या गद्याचे सर्व गुण त्यात आहेत: प्रसाद, संयम, नेमका शब्द. दुसऱ्याविषयी आदर वाटतो, पण जवळीक वाटावयास वेळ लागतो. चौथ्या दिवशीच मी भाच्याला पत्र लिहावयास घेतले होते. ते पुरे झाले नाही, याचे कारण नाकाचा एक स्वभाव. कोणताही वास सतत येत राहिला, की नाक थोड्याच वेळात त्याची दखल घेणे सोडून देते. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक जशी कानाआड होते, तसा आपल्याच मनगटावरचा सुगंध आपल्याच नाकाआड होतो. सकाळी सातला लावलेला सुगंध साडेसातला माझ्यापुरता जवळजवळ संपलेला असतो. पण माझ्या शेजारी बसणाऱ्यासाठी तो दुपारपर्यंत असतो. म्हणजे ज्याच्यासाठी म्हणून मनुष्य सुगंध निवडतो तो स्वतः, आणि ज्याच्या वाट्याला तो प्रत्यक्ष येतो तो दुसराच कोणी. कपड्यांचा रंग आरशात दिसतो. सुगंधाला आरसा नाही. त्याचा आरसा म्हणजे जवळचे माणूस.

आमच्या घरातला तो आरसा म्हणजे माझी पत्नी. तिचे नाक हा आमच्या संसारातला एक स्वतंत्र विभागच होता. बाहेरच्या खोलीत बसून दूध लागावयास आले आहे, हे तिला आधी कळे. आंब्याच्या अढीत एखादा नासका असला तर गवत न उचलता ती त्यावर बोट ठेवी. महाविद्यालयातून मी परतलो, की कोटावरून माझ्याजवळ कोणते सहकारी बसले होते, हे ती सांगे. त्यांपैकी एकांची तपकीर तर ती जिन्यातच ओळखी. २०२१च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, आम्हां दोघांनाही ताप आला. माझा आठवड्यात उतरला. तिचाही उतरला. आम्ही देवाचे आभार मानले. त्यानंतर चार दिवसांनी घरात दूध करपल्याचा वास भरला म्हणून मी स्वयंपाकघरात धावलो, तर ती शेगडीजवळच उभी होती. दूध उतू जाऊन काळे पडले होते आणि ती शांतपणे कोथिंबीर निवडीत होती.

या रोगाचा विषाणू प्रायः वासाच्या मज्जापेशींवर घाला घालीत नाही. त्या पेशींना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींवर घालतो, असे संशोधकांनी दाखविले आहे. आधार गेला की वासही जातो. पुष्कळांचा तो काही आठवड्यांत परत येतो. काहींचा येत नाही, किंवा येतो तो वेडावाकडा येतो. तिच्या बाबतीत पहिले सहा महिने काहीच नव्हते. नंतर फोडणीतला कांदा रबर जळल्यासारखा लागू लागला आणि कॉफी तर घरातून हद्दपारच झाली. डॉक्टरांनी वासाचा व्यायाम सांगितला. जर्मनीतल्या थॉमस हुमेल यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेली ती पद्धत आहे: गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग यांचे वास रोज दोन वेळा, प्रत्येक वास आठवीत, लक्षपूर्वक घ्यावयाचे. चार लहान बाटल्या देवघराशेजारी आल्या. पोथी वाचावी तशा नेमाने ती त्या हुंगते. एवढ्या दिवसांत लवंग परत आली, निलगिरीही आली. लिंबू कधी येते, कधी येत नाही. गुलाब अजून आलेला नाही.

तक्रार करण्याचा तिचा स्वभाव नाही. एकदाच ती म्हणाली, “घर दुसऱ्या कोणाचे असल्यासारखे वाटते. तुम्ही मागून गेलात तरी मला कळत नाही.” या दुसऱ्या वाक्यावर मी पुष्कळ दिवस विचार केला. मनुष्य नाहीसा न होताही दुसऱ्याच्या जगातून काही अंशी वजा होऊ शकतो, हे मला तोवर ठाऊक नव्हते.

म्हणूनच त्या नळ्या तिच्यापुढे धरण्याचा मला संकोच वाटत होता. संकोच मोडला तो तिनेच. पाचव्या दिवशी सकाळी मला वहीत नोंद करताना पाहून ती म्हणाली, “अहो, एवढी परीक्षा चालली आहे, तर बाहेरचा परीक्षक नको का?” मी दोन्ही हात पुढे केले. तिने उजवे मनगट नाकाशी धरले. “गार लागते आहे. वास नाही.” मग डावे. “हेही नाही.” आणि ती आपल्या कामाला गेली.

दुपारी चहा ठेवताना ती माझ्या खुर्चीपाशी थबकली. “नवा माठ आणला आहे का कोणी?” तिने विचारले. माठ आणण्याचे दिवस अजून यावयाचे होते. मी काही न बोलता डावा हात वर केला. तिने तो धरला, डोळे मिटले आणि बराच वेळ धरून ठेवला. “हा,” ती म्हणाली. एवढेच.

दुसऱ्या दिवशी मी तिला न सांगता मनगटे बदलली. एका दुपारच्या योगायोगावर मत बनविणे माझ्या पेशाला शोभले नसते. दुपारी तिने दोन्ही हात मागितले आणि या वेळी उजवा धरला. म्हणजे शाई तीच. तिसऱ्या दिवशी तिला कोणत्याच हाताला वास आला नाही. चौथ्या दिवशी पुन्हा आला. सात दिवसांत चार वेळा तिने दुसरा सुगंध ओळखला. पहिला एकदाही नाही. पहिल्या सुगंधात वाळ्याभोवती लिंबू, जायफळ, तंबाखू असा मोठा परिवार आहे. दुसऱ्यात वाळा जवळजवळ एकटा उभा आहे. यात्रेच्या गर्दीतला परिचित माणूस दिसत नाही. माळावर एकटा उभा असलेला लांबूनही ओळखू येतो.

मी भाच्याला ‘काळी शाई’ असे कळविले. त्याने उलट विचारले, “मामा, तुम्हांला हाच आवडला?” मी लिहिले, “आवडला पहिला, निवडला दुसरा.” त्याला हे थोडे कोडे वाटले असावे. पण आवडणे आणि निवडणे ही दोन निरनिराळी क्रियापदे भाषेने उगाच ठेविलेली नाहीत. आवड ही एकट्याची असते. तिला दुसऱ्याची संमती लागत नाही, आणि लागू नये. निवड मात्र कोठेतरी लावावयाची असते, आणि जेथे लावावयाची तेथे दुसरे कोणी उभे असते. एकाच कुळातल्या दोन वस्तूंतून सरस कोणती, हा प्रश्न वस्तूंकडे पाहून सुटत नाही, असा माझा अनुभव आहे. त्या दोहोंतली कोणती कोणापर्यंत पोहोचते, असे विचारले म्हणजे तो पुष्कळदा आपोआप सुटतो.

रसिकतेच्या दृष्टीने हा न्याय अपुरा आहे, असे कोणी म्हणेल. मी ते नाकारीत नाही. उद्या सुगंधांवर कोणी परीक्षण लिहावयास सांगितले, तर १९५९च्या त्या माळ्यालाच मी पहिला क्रमांक देईन आणि त्याची कारणे पानभर लिहीन. परंतु मनगट हे परीक्षणाचे पान नव्हे. दरवळण्यासाठी उपटलेला वाळा बाजारात मोल पावतो, आणि बांधावर तसाच राहिलेला वाळा माती धरून ठेवतो. पंचावन्नाव्या वर्षी मला दुसऱ्या वाळ्याची किंमत थोडी अधिक वाटू लागली आहे. माझा नवा सुगंध मला स्वतःला अजूनही थोडा गंभीर वाटतो. त्याची सवय होईल. तसेही अर्ध्या तासानंतर तो मला येणारच नाही.

बाटली यावयास अजून अवकाश आहे. दरम्यान चैत्र आला, मंडईत वाळ्याच्या जुड्या आल्या आणि त्यांतली एक आमच्या नव्या माठात पडली. तिची किंमत एवढी किरकोळ, की पॅरिसमधल्या दुकानदाराला ती सांगितली तर तो हसेल. पाणी पिताना पत्नी कधी कधी विचारते, “वाळा घातला आहे ना?” मी “हो” म्हणतो. कधी कधी ती काहीच विचारीत नाही. पेला संपवते आणि पुन्हा भरून घेते. त्या दिवशी मीही काही बोलत नाही.